अंगठीतून गेलं म्हणून रेशीम?

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो: 'हातमागाचं अस्सल रेशीम ओळखण्याच्या पाच खुणा'. अंगठीतून आरपार जातं ते अस्सल. दोरा जाळल्यावर केसाचा वास आला की अस्सल. उलटी बाजू सुलटीसारखी दिसली तर हातमाग, मागं दोरे सुटलेले दिसले तर मशीन. सिल्क मार्कचं चिन्ह असलं की डोळे झाकून घ्या. आणि शेवटी, स्वस्तात मिळालेला रेशमी स्टोल खोटाच. खाली 'विणकर वाचवा, पुढे पाठवा'.

यंदा हा मजकूर मिरजेच्या आत्यांनी पाठवला. नुसता पाठवला नाही, सांगलीत भाच्यासाठी घेतलेल्या शेल्यावर करूनही बघितला. म्हणून हे लिहायला बसले.

अंगठीचं आधी उरकते. अंगठीतून काय जातं? जे पातळ आणि निसरडं असतं ते. नायलॉनची ओढणी सळकन जाते. जरीकाठी पैठणी जन्मात जायची नाही, जाडसर टसर रेशमाचं उपरणंही अडकेल. ही ख्याती मुळात काश्मीरच्या तलम लोकरी शालींची, रेशमाला ती कुणी चिकटवली देव जाणे. आत्यांची अंगठी शेल्याच्या जरीत अडकली आणि दोन दोरे ओढले गेले, एवढंच त्यातून निघालं.

जाळायची खूण खोटी नाही, अर्धवट आहे. रेशीम हे आपल्या केसासारखंच प्रथिन. पेटवलं की आक्रसतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, मागं राहिलेला काळा मणी बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर वितळतं, त्याचा मणी कडक होतो. दुकानदार ज्याला 'आर्ट सिल्क' म्हणतात ते पुष्कळदा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, असतं. ते कागदासारखं जळतं आणि वासही जळक्या कागदाचाच. (इथलं 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, 'आर्टिफिशियल'चं शेपूट तोडलेलं आहे. माझ्या एका जावेनं कलाकुसरीचं म्हणून दोन साड्या घेतल्या होत्या.) आता मेख अशी की लोकर जाळली तरी केसाचाच वास येतो. आणि दुसरी मेख जास्त मोठी: जाळायला दोरा कुठला घेतला?

आत्यांनी गोंड्याचा घेतला. सगळे तोच घेतात, कारण तो हाताशी लोंबत असतो. काडी लावली, केसाचा वास आला, आत्या खूश. पण शेल्याचे गोंडे म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांची, ताण्याची, उरलेली टोकं. आडवा दोरा, बाणा, त्यात येतच नाही. मी गोंड्याच्या गाठीलगतचा शेवटचा आडवा दोरा सुईनं उसवला, चिमट्यात धरला, खाली ताटली ठेवली आणि काडी लावली. टप्पकन वितळला. ताणा रेशमाचा, बाणा पॉलिस्टरचा. म्हणजे आत्यांची परीक्षा खरी आणि शेला मात्र निम्मा खोटा. जाळायचंच असेल तर दोन्ही दोरे वेगवेगळे जाळा. आणि हातात धरून नको, वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं.

उलट्या बाजूची खूण वाचून मला बनारसच्या विणकरांची कीव आली. पैठणीच्या काठापदरात प्रत्येक रंगाच्या आडव्या दोऱ्याची वेगळी कांडी असते, रंग जिथे भेटतात तिथे दोरे एकमेकांत अडकवतात, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखी. हे पैठणीला लागू आहे. बनारसी किनखापात, म्हणजे भरजरी रेशमी कापडात, बुट्टीचा जादा दोरा मागून धावतो. कधी तो कापतात, कधी तसाच ठेवतात, पण माग हाताचाच असतो. उलट विट्याच्या यंत्रमागावरचं साधं कापड घ्या, दोन्ही बाजू तंतोतंत. त्याला हातमाग म्हणायचं का? आपल्याकडच्या बायका जी इरकल नेसतात तिच्यात बघण्यासारखी जागा वेगळीच आहे. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळा असतो, ते फासांनी एकमेकांत गुंतवतात, त्याला टोप तेनी म्हणतात. पदर सुरू होतो तिथे बोट फिरवून बघा, ती जोडाची रेघ लागते.

सिल्क मार्क असला की कापड हातमागाचंच, असा अर्ध्या सांगलीचा समज आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ साली हे चिन्ह आलं. ते कापड शुद्ध नैसर्गिक रेशमाचं आहे एवढंच सांगतं. यंत्रमागावर विणलेल्या रेशमालाही ते मिळतं. हातानं विणल्याची खूण म्हणजे २००६ चं हँडलूम मार्क, आणि ते सुती पंच्यालाही लागतं. दोन प्रश्न वेगळे आहेत: दोरा कशाचा, आणि विणला कशावर? त्या मजकुरानं दोन्ही एका पिशवीत कोंबलेत.

किमतीचं तर फार सोपं आहे. साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर पन्ह्याची साडी, आणि दोन मीटर लांब, पाऊण मीटर पन्ह्याचा स्टोल. स्टोलला साडीच्या साधारण पाव भाग कापड लागतं. त्यात जरीकाम नसलं तर किंमत आणखी उतरते. साडीच्या भावाशी तुलना करून स्टोल खोटा ठरवता येत नाही. आणि भारी किमतीची चिठ्ठी खोट्या मालालाही लावता येतेच की.

शेला घेऊन मी दुकानात परत गेले. भांडायला नव्हे, बिल बदलून घ्यायला. बिलावर नुसतं 'सिल्क शेला' होतं. म्हटलं, "दादा, ताणा आणि बाणा दोन्ही रेशीम, असं लिहून द्या."

"ताई, तसं नाही लिहीत आम्ही."

"मग ताणा रेशीम, बाणा पॉलिस्टर, असं लिहा. तेवढे पैसे कमी करा."

त्यांनी मालकांना बोलावलं. मालकांनी दोरा बघितला, काडी मागितली नाही, आणि गल्ल्यातून काही पैसे काढून काउंटरवर ठेवले. शेला भाच्याच्या खांद्यावर चांगला दिसला.