कौलूनचा कौल

हाँगकाँगच्या कौलूनमध्ये वाँग ताई सिनचं देऊळ आहे. भागाच्या नावातच कौल, मग तिथे दुसरं काय होणार? बांबूचं नळकांडं, त्यात आकडे घातलेल्या 100 काड्या. गुडघे टेकायचे, मनातल्या मनात नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा, एकच प्रश्न विचारायचा आणि एकच काडी पडेपर्यंत नळकांडं हलवायचं.

माणूस मार खातो तो या दोन ‘एकां’वर.

आधी काडीचं बघू. नळकांडं उभं धरलं की नुसता खुळखुळा वाजतो. फार आडवं केलं की पाच-सहा काड्या एकदम जमिनीवर. एकाहून जास्त पडल्या तर सगळ्या परत आत आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दोन्ही हातांनी धरून पुढे साधारण 45 अंशांत कलवावं आणि मनगटातून बारीक, एकसारखे झटके द्यावेत. मग एखादी काडी डोकं वर काढते, घोळक्यातून सरकते, काठावर लोंबकळते. नेमका इथेच धीर सुटतो. शेवटचा हिसका जोरात बसला की तिच्यामागून तिच्या मैत्रिणीही येतात. बोटाने ओढायची तर नाहीच. देवाला कळतं, शेजारच्या आजींना त्याच्याही आधी.

तैवानमध्ये एवढ्यावर भागत नाही. काडी खरी की नाही ते चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे टाकून विचारतात. एक सपाट बाजूवर आणि एक फुगीर बाजूवर पडला तर होकार. दोघांचीही फुगीर बाजू वर आली तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला! काटेकोर लोक सलग तीन होकार मागतात. गणिताने हे आठांत एकदा जमतं. गुडघ्यांना गणित कळत नाही.

आता प्रश्न. ‘नोकरी बदलू का, बदलली तर घर होईल का आणि बायकोला पटेल का’ हा आपल्या मते एक प्रश्न असतो. कोकणात, गोव्यात कौल लावताना गुरव तो मुकाट्याने सोडवून एकेक करून घेतो, कारण देवाला लावलेली पाकळी उजवी पडेल नाहीतर डावी. वाँग ताई सिनकडे मात्र काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी मिळते; तिच्यावर सात-सात अक्षरांच्या चार ओळी आणि एक आख्यायिका हाती येते, आणि ती तिन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर देते.

वाँग ताई सिनची पहिलीच काडी घ्या. सर्वोत्तम! गोष्ट ज्यांग झ्याची: वे नदीकाठी बिनआमिषाचा सरळ गळ घेऊन बसलेला म्हातारा, त्याला राजा वन भेटतो आणि तो थेट प्रधान होतो. म्हणजे बढती नक्की. फक्त तोवर त्याने सत्तरी ओलांडली होती. लग्नाबद्दल विचारलं असेल तर ऐका: दारिद्र्याला कंटाळून बायको सोडून गेली. भाग्य उजळल्यावर परत आली, तेव्हा त्याने जमिनीवर पाणी ओतलं आणि म्हणाला, भर परत भांड्यात. काडी मात्र तीच, सर्वोत्तम.

अशा चिठ्ठ्यांत सू वूही भेटतो. चीनच्या हान दरबारचा हा राजदूत इसवी सनपूर्व 100 साली श्योंगनू टोळ्यांकडे गेला. त्यांनी त्याला एडके राखायला बसवलं: एडके दूध देऊ लागले की सोडू! परतायला 19 वर्षं लागली. परदेशी नोकरी मिळेल का, असं विचारणाऱ्याच्या हाती हा आला तर उत्तर ‘मिळेल’ असंच आहे. सुट्टीचं विचारायचं राहून गेलं.