‘पाय तर दुखत नाहीत’ : ब्रह्मगिरी फेरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘तुमच्या लेखामुळे घरच्यांनी सासऱ्यांची श्रावणातली फेरी रद्द केली. पंधरा वर्षं शुगर आहे, दरवर्षी अनवाणी चालतात, आजही पाय दुखत नाहीत. श्रद्धेत भीती कशाला घालता?’ असं तुम्ही लिहिलंय. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची ही वीस किलोमीटरची फेरी बंद करा, असं मी लिहिलं नव्हतं. शुगर असलेल्यांनी ती अनवाणी करू नये, हे मात्र लिहिलं होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

मला काळजी वाटली ती ‘पाय दुखत नाहीत’ या वाक्याची. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात. पुढे तेही थांबतं आणि माणसाला वाटतं, बरं झालं. खडा टोचला की आपण लंगडतो, थांबतो, पाय झटकतो. बधिर पायाचा माणूस त्याच खड्यावर मैलोन्मैल भार देत राहतो. चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि उशिरा कळलं, असं सासऱ्यांचं कधी होतं का? तेवढं आठवून पाहा.

आज घरीच एक तपासणी करा. त्यांना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. ज्या पायाला स्पर्श कळेल, तो ‘उजवा’ की ‘डावा’ एवढंच त्यांनी म्हणायचं. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद, एक-दोन सेकंद लावा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, शेवटी डावं मधलं. दाबायचं नाही, घासायचं नाही, आणि कळलं नाही म्हणून त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. इथेच घरोघरी चूक होते. जरा जोर लावला की ‘हो, कळलं’ येतं आणि तपासणी वाया जाते. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श हुकले तर पाय धोक्यात आहेत असं धरा. मग त्यांनी यंदा वीस किलोमीटर बुटातसुद्धा चालू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, फेरीच्या वेळी, नाशिकहून जादा एसटी सुटतात. त्र्यंबकला जाऊन दर्शन घ्यावं, आणि डॉक्टरांकडून पायाची नाडीही तपासून घ्यावी. रक्तपुरवठा कमी असेल तर साधी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही.

सहाही स्पर्श कळले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर खुशाल जाऊ द्या. पण पायात वापरात रुळलेले, मागून बंद असलेले बूट हवेत. फेरीसाठी नवे बूट नकोतच, आणि अंगठ्याची चप्पलही नको. श्रावणातला पाऊस आणि वाटेत पहिने गावाकडचा चिखल यांत पाय तासन्‌तास ओले राहतात, कातडी भिजून मऊ पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. म्हणून फिक्या रंगाच्या सुती मोज्यांचे दोन जादा जोड पिशवीत हवेत. विसावा घेताना मोजे काढून बेचकी कोरडी पुसायची. मोज्यावर रक्ताचा डाग दिसला, तर फेरी तिथेच थांबवायची.

सोमवारचा उपवास हा दुसरा धोका, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असताना उपाशी चाललं की साखर झपाट्याने उतरते. डोस मनाने बदलू नका, आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेची पुडी असू द्या. हात थरथरले, दरदरून घाम आला किंवा बोलणं अडखळलं, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. ७० च्या खालीच असेल, तर पुन्हा तेवढीच. प्रसादाचा पेढा या वेळी कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते.

घरी आल्यावर तळवे उजेडात बघा. फोड आला असेल तर फोडू नका, हळद भरू नका, कुरूपाची पट्टी लावू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा आणि दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा, दुखत नसलं तरी.

सहापैकी किती स्पर्श कळले, ते इथे लिहा. पुढचं त्यावरून बोलू.