बसलेल्या माणसाची गाडी

कालची गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाही. रक्कम सांगितली तर तुम्ही हसाल. वीस रुपये.

नाशिकच्या एमजी रोडला फोनची केबल घ्यायला गेले होते. पांढऱ्या पट्ट्याच्या आत स्कूटर लावली, केबल घेतली, सगळं मिळून सात मिनिटं. परत येते तो गळ्यात यंत्र अडकवलेला एक मुलगा माझ्या गाडीपाशी उभा. यंत्रानं टर्रर्र करून पांढरी जीभ बाहेर काढली. दुचाकीचे दहा.

"ताई, स्कॅन करा."

"फोन बंद आहे."

"मग चालू करा ना."

"केबल तुटली म्हणून बंद पडलाय. तीच घ्यायला आले होते."

"घेतली ना मग आता?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पर्समध्ये पाचशेची एकच नोट उरली होती. ती पुढे केली, तर त्यानं लग्नपत्रिका वाचावी तशी उलटसुलट पाहिली आणि परत दिली. सुट्टे नाहीत. आता सगळे स्कॅनच करतात.

इथपर्यंत रोजचंच आहे. पण तेवढ्यात शेजारच्या स्कूटरवरून आवाज आला, "देऊ नका."

स्टँडला लावलेल्या स्कूटरवर एक काका बसले होते. पासष्टी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, मांडीवर शब्दकोडं, हँडलला पाण्याची बाटली. माणूस मुक्कामाच्या तयारीनं आला होता.

"मी सव्वापाचपासून इथं आहे. मी दिले का? विचारा त्याला."

मुलानं मान फिरवली. ही जखम जुनी दिसत होती.

"हे बघा," काकांनी पेनाला टोपण लावलं, "गाडी लावून माणूस निघून गेला, तर ते पार्किंग. मी कुठं गेलोय? बसलेल्या माणसाची गाडी पार्क नसते, थांबलेली असते. सिग्नलला आपण थांबतो. तिथं कोणी पावती फाडतं का?"

"पण काका, सिग्नल सुटतो."

"आमची ही साडीच्या दुकानात आहे. सुटेल तेव्हा सुटेल."

मुलगा म्हणाला, "काका, रोज येता तुम्ही." काका म्हणाले, रोज नाही, मंगळवार-शुक्रवार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, प्रश्न दहा रुपयांचा नाही. हे वाक्य मी आजवर फक्त अशाच माणसांच्या तोंडून ऐकलंय ज्यांचा प्रश्न नेमका दहा रुपयांचा असतो.

काका निघाले नाशिकरोडच्या नोट प्रेसचे. सगळी नोकरी तिथंच. आयुष्यभर नोटांच्या गड्ड्यांत वावरलेला माणूस एका नोटेसाठी पावणेदोन तास थंडीत बसला होता. मी म्हटलं, काका, आपल्या गावात १९२८ पासून नोटा छापतात आणि गावात पाचशेचे सुट्टे मिळत नाहीत, हे काय आहे? त्यांना हा खात्यावरचा हल्ला वाटला असावा. "छापायचं काम आमचं. सुट्टे करायचं नाही," ते म्हणाले. "आणि नाणी तर आमच्याकडे नव्हतीच कधी. ती मुंबईच्या टांकसाळीत. तिकडं विचारा."

रात्री फोन चार्ज झाल्यावर मी रागाच्या भरात शोधलं, की हे पार्किंगचे पैसे मागायचं खूळ मुळात काढलं कोणी. अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीत. १६ जुलै १९३५ला पहिला मीटर खांबावर बसला, तासाला पाच सेंट. कारण असं, की बाजारपेठेत नोकरी करणारेच सकाळी गाड्या लावून टाकत आणि गिऱ्हाइकाला दिवसभर जागा मिळत नसे. (आपल्याकडे दुकानदाराची स्वतःची गाडी दुकानासमोर कुठं असते ते आठवा.) आणि महिनाभरातच वेळ संपल्याबद्दल तिथं जो पहिला माणूस पकडला, तो एक पाद्री. कोर्टात त्यानं सांगितलं की मी सुट्टे आणायला गेलो होतो. कोर्टानं सोडून दिलं. मी हे दोनदा वाचलं. नव्वद वर्षं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि मी अजून सुट्टेच शोधते आहे.

तसा आमच्या गावाला मीटर नवा नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मीटर आहे. पूर आला की नाशिककर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर विचारतात, आधी विचारतात मारुतीला पाणी कुठवर लागलं. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्याचा कागद संपत नाही, रेंज जात नाही, आणि तो कोणाला स्कॅन करा म्हणत नाही.

पण परत एमजी रोडवर येऊ. तिथं उभ्याउभ्या पावती नीट वाचली तेव्हा मात्र हसू गेलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं: वाहनाच्या, हेल्मेटच्या व सामानाच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. मग दहा रुपये कशाचे? गाडीवर लक्ष ठेवायचे नाहीत, सावलीचे नाहीत, कारण सावली नाहीच. पट्ट्याच्या आत निम्म्या जागेत कोणाचे तरी दोन पुतळे जीन्स घालून उभे होते. त्यांची पावती फाडली का? फुटपाथवर खोकी, खोक्यांपुढे गाड्या, आणि चालणारा माणूस रिक्षांच्या मधून जीव मुठीत धरून. २०२७च्या सिंहस्थाच्या गप्पा चालल्यात. माझी एक स्कूटर सात मिनिटं धड मावत नाही. पैसे द्यायला ना नाही हो. पण घेतलेत त्याचं काहीतरी द्या.

हे भाषण मी त्या मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, मी रोजावर आहे." त्यानंतर माझा आवाज खाली आला.

सुट्टे शोधायला निघाले. पहिल्या दुकानानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं मान वर केली नाही. औषधाच्या दुकानात 'काहीतरी घ्या, मग देतो', म्हणून तीस रुपयांच्या खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मला खोकला नाही. दहा रुपये देण्यासाठी तीस रुपये खर्च करून मी परत आले, आणि पाहते तो काका माझ्या स्कूटरवर बसलेले!

"या! तुमची गाडी राखली."

"अहो काका, माझी पावती तर आधीच फाडलीय."

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी वळून पाहिलं. दोन हातांवर त्यांची स्वतःची स्कूटर, रिकामी. तिच्या ब्रेकच्या दांडीत कोरी पावती फडफडत होती. मुलगा चार पावलांवर उभा राहून आभाळाकडे बघत होता. मंगळवार-शुक्रवार, मंगळवार-शुक्रवार वाट पाहिली होती त्यानं.

"हे तुमच्यापायी झालं," काका म्हणाले.

"माझ्यापायी?"

"मग मी उठलो कोणासाठी?"

याला काय उत्तर देणार? इतक्यात काकू आल्या, रिकाम्या हातांनी. एकही पदर मनासारखा नव्हता, आता मेनरोडला बघू म्हणाल्या. काका माझ्याकडे बघत राहिले. काकूंसमोर तमाशा नको म्हणून मी दोन्ही पावत्यांचे वीस मोजून दिले. मुलानं मुकाट्यानं घेतले.

काकांनी त्यांची पावती ब्रेकमधून काढली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि स्कूटर सुरू करता करता त्याच मुलाला विचारलं, "काय रे, ही मेनरोडला चालते का?"