‘सी’मध्ये ‘कॉल बाय रेफरन्स’ नसतो

परीक्षा जवळ आली की डिप्लोमाच्या पोरांच्या मोबाईलवर एक नोट फिरायला लागते. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये यंदाही आलीच. तिचं म्हणणं असं: ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनला (प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला) माहिती पाठवण्याचे, म्हणजे कॉलचे, प्रकार दोन, बाय व्हॅल्यू (किमतीची कॉपी देऊन) आणि बाय रेफरन्स (मूळ वस्तूच हाती देऊन), पॉइंटर (मेमरीतला पत्ता) पाठवला की फंक्शनमध्ये त्याला जे कराल ते बाहेरही होतं, पॉइंटर पाठवणं केव्हाही वेगवान, आणि अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांची रांग) अख्खा पाठवला जातो.

‘सी’त प्रकार एकच, बाय व्हॅल्यू. भाषा घडवणारे डेनिस रिची यांनी कर्निगन यांच्यासोबत १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकातच हे स्पष्ट आहे. खरे रेफरन्स ‘सी प्लस प्लस’मध्ये आहेत. पत्ता पाठवण्याला काही पुस्तकं सोयीसाठी बाय रेफरन्स म्हणतात, पण तिथेही पत्त्याची कॉपीच जाते.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती दुसऱ्या मुद्द्यावर, पॉइंटरला केलेलं बाहेरही होतं यावर. समजा, मंगळवार पेठेतल्या घराचा पत्ता मी चिठ्ठीवर लिहून दिला. तुम्ही तिथं जाऊन दाराला रंग दिलात तर माझंच दार रंगलं. पण चिठ्ठीवरचा पत्ता खोडून शाहूपुरीचा लिहिलात, तर माझ्या वहीतला पत्ता कसा बदलेल? परवा एका मुलीची लिंक्ड लिस्ट (पुढच्याचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोडांची साखळी) अशीच अडली होती. फंक्शनमध्ये मॅलॉकनं (नवी मेमरी मागून) नोड घेतला, हेडमध्ये, म्हणजे लिस्टची सुरुवात दाखवणाऱ्या पॉइंटरमध्ये, त्याचा पत्ता टाकला, तिथंच प्रिंट केलं तर बरोबर दिसलं. मेनमध्ये (मुख्य फंक्शनमध्ये) परत आल्यावर हेड नलच, म्हणजे रिकामंच! बदललं होतं ते हेडच्या कॉपीत. मग तिनं हेडचा पत्ता पाठवला, पॅरामीटरला दोन स्टार दिले (पॉइंटरचा पॉइंटर), आणि लिस्ट दिसली. नवं हेड रिटर्न केलं असतं तरी चाललं असतं.

वेगाचं म्हणाल तर साधा इंट (पूर्णांक) बहुतेक ठिकाणी ४ बाइटचा आणि ६४ बिटच्या मशीनवर पत्ता ८ बाइटचा. तिथं काय वाचलं? मोठं स्ट्रक्चर (अनेक किमतींचा एक गठ्ठा) असेल तर जरूर पॉइंटर द्या, आतलं बदलायचं नसेल तर कॉन्स्ट लावून.

आता अ‍ॅरे. नाव पाठवलं की जातो तो फक्त पहिल्या घटकाचा पत्ता. दहा इंटच्या अ‍ॅरेचा साइझऑफ (बाइटमधला आकार) मेनमध्ये ४० येतो, फंक्शनमध्ये ८, कारण तिथं तो नुसता पत्ता असतो. त्याला ४ नं भागून लूप फिरवला की दहा विषयांच्या मार्कांची बेरीज म्हणून पहिल्या दोन विषयांचीच हातात पडते, आणि एररसुद्धा येत नाही. लांबी वेगळी पाठवावी लागते ती म्हणूनच.