परळचा दवाखाना आणि तुळजापूरचा कॅम्पस
तुमचा टाटा ट्रस्टवरचा लेख वाचला. मुंबईतल्या संस्थांबद्दल सविस्तर आहे, पण तुळजापूरचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितोय. 1932 साली दोराबजी टाटांनी ट्रस्ट केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. त्या ट्रस्टच्या पैशातून 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1941 मध्ये परळचं कर्करोगाचं टाटा हॉस्पिटल उघडलं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, तरी आमच्या परभणीकडे लोक अजून "टाटाला नेलंय" एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं समजतं. माझ्या आईला देवगिरी एक्स्प्रेसने तिथंच नेलं होतं. डब्यात जालन्याची, नांदेडची माणसंही फायली छातीशी धरून बसलेली. त्यांच्यातल्याच एका मावशींनी आम्हाला केसपेपर कुठं काढायचा ते सांगितलं.

टिसचा ग्रामीण कॅम्पस तुळजापुरात आहे. ग्रामविकास शिकायला देशभरातून पोरं येतात, दुष्काळी गावांत राहून काम करतात. बायकोच्या दुःखातून उभं राहिलेलं दान आमच्या मातीपर्यंत कसं आलं, यावर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.