लंडनची गटारं आणि निरोपातून गळालेला अर्धा भाग

एक निरोप सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदी इतकी नासली की ब्रिटिश संसदेच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे टांगावे लागले. मग जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने शहराखाली गटारं बांधली, नदी स्वच्छ झाली, कॉलरा संपला. गरीब देशांची शहरं मात्र दीडशे वर्षांनंतरही सेप्टिक टँक आणि खड्ड्यांवर दिवस काढतात, कारण इच्छाशक्ती नाही. भुयारी गटार टाका, म्हणजे कुणा माणसाला मैल्याला हात लावावा लागणार नाही. मैल्यापासून खत आणि वीज करून खर्चही निघेल. बाकी सगळी मलमपट्टी.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही, पडद्यांची गोष्टही खरी आहे. पण त्यापुढे निरोप घसरतो, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात घसरत जातो.

«लंडनने गटारं बांधली आणि नदी स्वच्छ झाली»

आधी १८५८ च्या मागे जाऊ. लंडनच्या घरांखाली तेव्हा सुमारे दोन लाख मैलाखड्डे होते. रात्री माणसं येऊन ते उपसत आणि तो मैला शेतांवर खत म्हणून जाई. व्यवस्था गलिच्छ होती, पण बराचसा मैला नदीपासून दूर राहत होता. मग घरोघरी फ्लशचे संडास आले. पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारांना घरं जोडायला १८१५ पासून मुभा मिळाली आणि १८४८ नंतर तर खड्डे बंद करून जोडणी घ्या, असा सरकारी रेटाच लागला. दोन लाख खड्ड्यांतला ऐवज नदीत उतरला, आणि त्याच नदीतून पिण्याचं पाणी उचललं जात होतं. थोडक्यात, १८५८ ची दुर्गंधी गटारं नसल्याची नव्हती. गटारं पोहोचल्याची होती.

बाझलजेटचं काम थोरच. १८५९ मध्ये सुरू झालं, १८६५ मध्ये थाटात उद्घाटन झालं, आणि पुरं व्हायला आणखी दहाएक वर्षं गेली. १८६६ ची कॉलऱ्याची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, नवी गटारं अजून पुरती जोडली न गेलेल्या भागात पसरली, हेही त्याच्या बाजूनेच बोलतं. पण त्याच्या आराखड्यात मैल्यावर प्रक्रिया नव्हती. शहराच्या खालच्या अंगाला बेक्टन आणि क्रॉसनेस इथे मैलापाणी साठवायचं आणि ओहोटीला नदीत सोडून द्यायचं, एवढंच. ३ सप्टेंबर १८७८ ला नेमकी त्याच पट्ट्यात ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. थोड्याच वेळापूर्वी तिथे मैलापाणी सोडलेलं होतं. बुडालेले लोक कशात पडले, हा प्रश्न तेव्हा चौकशीतही निघाला.

त्यानंतर कुठे गाळ वेगळा काढायला सुरुवात झाली. १८८७ पासून तो जहाजांत भरून समुद्रात टाकत. हे १९९८ पर्यंत चाललं! जोराचा पाऊस झाला की गटारं भरून नदीत ओसंडायची ती वेगळीच. ते थांबवण्यासाठी टेम्सखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला, आणि तो पूर्णपणे जोडला गेला २०२५ मध्ये. आपल्या काळातल्या शहरांना ‘लंडनसारखं करा’ सांगायचं असेल तर ही दीडशे वर्षांची शेपटीही सांगावी लागेल.

«भुयारी गटार म्हणजे स्वच्छता»

गटार मैला साफ करत नाही, तो हलवतं. हलवायलाही त्याला दोन गोष्टी लागतात: पाणी आणि उतार. पाइपातलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने वाहिलं तर जड भाग तळाशी बसत नाही. ज्या शहरात नळाला दिवसातून दोनच तास पाणी येतं, लोक बादलीने मोजून ओततात, तिथे हा वेग मिळत नाही आणि पाइप तुंबतो. सपाट शहरात उतार मिळवायला पाइप खोल खोल न्यावा लागतो, मग पंप लावून वर उचलावा लागतो. वीज गेली की पंप थांबतो आणि मैलापाणी जवळच्या नाल्यात.

एवढं करून ते प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचलं तरी पुढे काय? भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब बघा. शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बांधलेल्या क्षमतेचाही तिसरा हिस्सा रिकामाच. कुठे घरजोडण्या नाहीत, कुठे केंद्र बंद, कुठे विजेचं बिल थकलेलं.

ढाक्याचं उदाहरण तर या क्षेत्रातले लोक पाठ असल्यासारखं सांगतात. तिथे जवळपास सगळ्यांना संडास आहेत, शहराच्या काही भागात गटारंही आहेत. तरीही दहाएक वर्षांपूर्वी मैल्याचा प्रवास घरापासून शेवटपर्यंत मोजला, तेव्हा दोनेक टक्केच मैला नीट प्रक्रिया होऊन बाहेर पडत होता.

गटारं नकोत, असं मी म्हणत नाही. जिथे वस्ती दाट आहे, भूजल उथळ आहे, शेजारी विहीर आहे, तिथे शोषखड्डा धोक्याचाच, गटार हवंच. पण तेही एकाच साच्याचं असायला हवं असं नाही. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात बारीक व्यासाचे, उथळ पुरलेले पाइप फुटपाथखालून, परसातून नेण्याची पद्धत निघाली. ती स्वस्त पडली आणि पुढे ब्राझिलिया शहराने ती सरसकट वापरली. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत समाजसेवक अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात १९८० पासून गल्लीकरांनीच वर्गणी काढून गल्लीचं गटार टाकलं. घरातला आणि गल्लीतला खर्च लोकांचा, मुख्य वाहिनी आणि प्रक्रिया सरकारची, अशी वाटणी ठरलेली होती. लोकांनी आपला वाटा उचलला. सरकारच्या वाट्याचं काम मागे राहिलं, आणि मैला वर्षानुवर्षं नाल्यांमधूनच समुद्राकडे गेला.

«माणसाला हात लावावा लागणार नाही»

या वाक्याचा मला राग येतो. भारतात हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये दुसरा, अधिक व्यापक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. शब्द नीट वाचा: गटारात मेलेल्यांच्या. गटार तुंबतं. तुंबलं की मॅनहोलचं झाकण उघडतं, आणि यंत्र नसेल तर माणूस उतरतो. खाली हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर पळावं, असं लोक म्हणतात, पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि माणूस आणखी एक पायरी खाली जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. या मृत्यूंच्या बातम्यांत अनेकदा एकाच ठिकाणी दोन-तीन जण असतात, ते यामुळे.

टाक्या-खड्ड्यांकडेही चित्र गोड नाही. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये खड्डे उपसणाऱ्यांना लोक ‘बेडूक’ म्हणतात, हैतीत ‘बयाकू’, आणि ते तोंड लपवून रात्री काम करतात. पण त्यांचा धोका कमी करायला शंभर किलोमीटर पाइप लागत नाही. गाडी न पोहोचणाऱ्या बोळांसाठी ‘गल्पर’ नावाचा साधा हातपंप आला. माणूस वर उभा राहून गाळ पिंपात खेचतो. हातमोजे, बूट, परवाना आणि दिवसाउजेडी काम करण्याची सोय, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पाइप असो की टाकी, माणूस आत उतरतो तो देखभालीचं काम कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे गेलं की.

«खत-वीज करून खर्च निघेल»

जानेवारी २०१५ मध्ये बिल गेट्स यांनी एका यंत्राने मैल्यापासून काढलेलं पाणी कॅमेऱ्यासमोर प्यायलं. तेव्हापासून या समजुतीला बहर आला आहे. यंत्र खरं होतं, सेनेगलची राजधानी डाकारला त्याची चाचणीही झाली. पण टाकीतून उपसलेला गाळ बहुतांश पाणीच असतो. तो वाळवायला जागा लागते, नाहीतर ऊर्जा. शिवाय वर्षानुवर्षं टाकीत पडून त्याचा बराच जोर आधीच संपलेला असतो, त्यामुळे ताज्या शेणासारखा गॅस त्यातून निघत नाही. खत होतं, पण जंतांची अंडी चिवट असतात. ती मारायला पुरेशी उष्णता द्यावी लागते, नाहीतर ती शेतातून ताटात येतात. या विक्रीतून खर्चाला हातभार लागतो. खर्च निघत नाही.

«बाकी सगळी मलमपट्टी»

अमेरिकेत साधारण पाचातलं एक घर सेप्टिक टँकवर आहे. जपानने घरगुती प्रक्रिया टाक्यांसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदाच केला, त्यात दर वर्षीची तपासणी आहे. त्यांना कुणी मलमपट्टी म्हणत नाही.

टाकीचं काम सोपं आहे. जड भाग तळाशी बसतो, तवंग वर राहतो, मधलं पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाऊन मुरतं. गाळ जिवाणू पचवतात, पण सगळा नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. गरीब शहरांत बिघडतं ते इथे. टाकीला तळ नसतो, बाहेर पडणारं तोंड थेट उघड्या गटारात सोडलेलं असतं, झाकणावर फरशी बसवलेली असते. उपसा होतो तो टाकी ओसंडल्यावर. मैला उपसणारा गाडीवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रक्रिया केंद्रापर्यंत डिझेल जाळत जातो, तिथे रिकामं करायचे पैसे भरतो, आणि हे टाळायला बरेचदा वाटेतल्या नाल्यातच मोकळा होतो. त्याला चोर म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

निरोपातली ‘इच्छाशक्ती’ खरं तर पैशाबद्दल आहे, आणि पैशाचा सगळ्यात बोलका हिशेब डाकारचा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून मोजल्या. बांधकाम आणि चालवणं धरून गटाराचा खर्च दर माणशी वर्षाला ५४.६४ डॉलर आला, टाकी-गाडी-प्रक्रिया या साखळीचा ११.६३ डॉलर. जवळजवळ पाचपट फरक! पण खरी मेख पुढे आहे. गटाराच्या खर्चातला फक्त ६ टक्के भाग वापरणाऱ्यांच्या खिशातून जात होता, उरलेला सार्वजनिक संस्था सोसत होती. टाकीवाल्यांचा खर्च मात्र मुख्यतः त्यांच्याच खिशातून.

म्हणजे महाग सेवा ज्यांच्या दारात, त्यांना ती जवळजवळ फुकट. स्वस्त सेवा ज्यांच्या वाट्याला, ते रोख मोजतात. हे डाकारपुरतंच नाही. जागतिक बँकेने २०१९ मध्ये दहा देशांतली पाणी आणि मलनिःसारणाची अनुदानं तपासली, तेव्हा सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शाला ५६ टक्के मिळाल्याचं दिसलं आणि सर्वांत गरीब पाचव्या हिश्शाला ६ टक्के. गरिबांना पैसे भरायची सवय नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

हा भार वाटून घेता येतो. फिलिपिन्समधल्या डुमागेते शहराने पाण्याच्या बिलात दर घनमीटरमागे २ पेसो जोडले आणि त्यातून ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या वाईत २०१८ पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकीची पाळी येते, पैसे कराच्या वाटे गोळा होतात. घरमालकाला फोन करावा लागत नाही, आणि गाडीवाल्याला नाल्याचा मोह पडत नाही, कारण त्याचे पैसे केंद्रावर गाळ पोहोचल्यावरच निघतात.

ही व्यवस्था मोडायला काय लागतं, तेही मलेशियात दिसलं. १९९३ च्या कायद्यानंतर तिथे एकाच कंपनीकडे देशाच्या बहुतांश भागातल्या टाक्या ठरावीक काळाने उपसण्याचं काम आलं. २००८ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि जबाबदारी घरमालकावर गेली: गरज वाटेल तेव्हा बोलवा. टाक्या त्याच होत्या, गाड्या आणि केंद्रंही होतीच. पण बोलावणारे झपाट्याने कमी झाले.