मिस्त्री आला की चालू

आमची पिकअप १९७२ची. दुष्काळाच्या साली घरात आली, पण पेट्रोल पिताना तिला तो दुष्काळ कधी आठवत नाही. पुढे जीपचं तोंड, आत जीपचंच चार सिलिंडरचं इंजिन आणि मागे हौदा. त्या हौद्यातून अण्णांनी वाईच्या बाजारात वर्षानुवर्षं हळद नेली, आणि एकदा, दुसरं काही मिळेना म्हणून, अख्खं वऱ्हाड.

मागच्या वर्षी गाडी माझ्या ताब्यात आली आणि मी तिची सर्व्हिस केली. म्हणजे पान्ह्यात जे जे बसलं ते ते बदललं. प्लग नवे, सीबी पॉइंट नवा, कंडेन्सर नवा, डेल्कोची कॅप नवी. अण्णा ओसरीवरून बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जुनं कुठं टाकलंस?"

त्या दिवसापासून गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होऊ लागली. मी खूश. मग पसरणीचा घाट चढायला घेतला. चार वळणं झकास. पाचव्याला दोन आचके, एक उसासा, बंद.

वाईहून मिस्त्रीमामा मोपेडवर यायला पाऊण तास. त्यांनी बॉनेट उघडलं, आत नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "मारा सेल्फ." गाडी सुरू.

"मामा, काय झालं होतं?"

"कुठं काय? चालू आहे की."

असं तीनदा झालं. घरी कुरकुरणारं पोर दवाखान्यात शिरताच खेळायला लागावं, तसं. तिसऱ्या वेळी मामा इंजिनाकडे न बघता माझ्याकडेच बघत होते.

त्या पाऊण तासात घाट मोकळा नसतो. एक एसटीचे ड्रायव्हर खिडकीतून ओरडले, "पेट्रोल एअर धरतंय, पंपावर ओलं फडकं टाका!" मी टाकलं. एका स्ट्रॉबेरीवाल्यानं कॉइलवर बोट ठेवलं आणि चटका बसून काढलं. तेवढ्यावरून मी नवी कॉइल घेतली. तिसऱ्यानं थांबून, चष्मा काढून, "विकता का?" विचारलं. मत न देणारी फक्त माकडं. ती हौद्यात बसून माझं पाणी पीत होती.

शेवटी मी स्वतःच अभ्यासाला बसलो. आपल्या गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणतात, ते का, हे तेव्हा कळलं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या कंपनीचं नाव डेल्को, आणि त्याची ही कॉइल-पॉइंटची पद्धत १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसली होती. वनस्पती तुपाचं डालडा व्हावं तसं डिस्ट्रिब्यूटरचं डेल्को झालं. काम साधं आहे. बॅटरीचा बारा व्होल्टांचा प्रवाह कॉइलमधून फिरत असतो. पॉइंट उघडला की तो प्रवाह तुटतो आणि कॉइलमधून हजारो व्होल्टांचा झटका निघतो. रोटर तो पंगतीतल्या वाढप्यासारखा एकेका प्लगला वाढतो. फक्त हा वाढपी ओळीनं जात नाही, १-३-४-२ असा जातो. मला हे वायरी १-२-३-४ लावून झाल्यावर समजलं. जो बार निघाला, त्यानं शेजारच्या गोठ्यातली म्हैस दोन दिवस दुधाला उभी राहिली नाही.

मग करंट तपासणं. कॉइलची जाड वायर इंजिनाच्या लोखंडापासून जरा लांब धरायची आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. कुणीतरी म्हणजे बायको.

"अगं, मी सांगितल्यावरच मार."

"काय?"

"मी सांगितल्यावर!"

"मार म्हणालात ना?"

करंट होता. कोपरापर्यंत होता.

"अहो, आला का?" आतून प्रेमळ चौकशी झाली.

उतरून बायको वाईच्या ढोल्या गणपतीला नारळ बोलली. मी मामांना फोन केला. चौथ्या वेळी मामा वर आलेच नाहीत. म्हणाले, "मी खालूनच बसून येतो." हा विचार आधी कुणालाच सुचला नव्हता. पाचव्या वळणावर गाडी बंद पडली तसे ते उडी मारून उतरले आणि वायर ओढली. घरी निळी, ताडकन वाजणारी ठिणगी पडायची. इथं पिवळट, केसाएवढी, मेल्यासारखी. कॅप काढली. पॉइंटचं तोंड काळंनिळं, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा उंचवटा.

"पॉइंट किती दिवसांचा?"

"पंधरा."

"पंधरा दिवसांत असा जळतो? कंडेन्सर गेलाय. पॉइंटवरची ठिणगी गिळायचं काम त्याचं. गरम झाला की बसतो, गार झाला की उठतो. जुना कुठाय?"

मी घरी फोन लावला. "अण्णा, तो जुना कंडेन्सर..."

"डब्यात," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. पन्नास वर्षं ते या प्रश्नाची वाट बघत असावेत.

पुतण्या बाइकवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन येईतो इंजिन गार झालं होतं. "आता सुरू होईल," मामा म्हणाले, "पण मारू नका, मोह होतो." त्यांनी पॉइंट कानसला. पॉइंटची गॅप मोजायला मी खिशातून नवं कोरं फिलर गेज काढलं, तोवर त्यांनी डॅशबोर्डवरच्या लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून पॉइंटमध्ये सरकवला होता. मागाहून मी गुपचूप गेज घालून पाहिलं. बरोब्बर अर्धा मिलिमीटर. मग अंगठ्याच्या पेराएवढा, शेपटीला एक वायर असलेला तो गंजका कंडेन्सर बसला, आणि गाडी पाचगणीपर्यंत गेली. टेबल लँडवर मामांना भजी चारली. त्यांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, मागच्या तीन वेळचेही परत दिले नाहीत.

घरी आल्यावर तो नवा, बाद कंडेन्सर मी उकिरड्याकडे भिरकावणार, तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला. फडक्यानं पुसून त्यांनी तो डब्यात टाकला. "असू दे. कधी लागेल."

डब्यात आणखी तीन कंडेन्सर होते. चारही एकाच मापाचे, आणि अण्णांनी पुसल्यामुळे आता चारही सारखेच चकचकीत.